डोळ्यांची आखणी

आमच्या पडवीत दरवर्षी आषाढापासून गणपतीची शाळा भरते. मूर्ती घडवायच्या जागेला आमच्याकडे शाळाच म्हणतात, आणि खरं सांगायचं तर घंटा वाजणाऱ्या शाळेपेक्षा मी या शाळेत जास्त शिकले. माणसं आपापल्या घरचा पाट आणून देतात आणि त्याच पाटावर बाबा त्यांचा गणपती करतात. कुणाच्या पाटाचा कोपरा समईने जळलेला, कुणाच्या पाटाला मधोमध वाकडा खिळा. बाबांना साठेक पाट नुसत्या खुणेवरून ओळखता येतात. माझ्या मैत्रिणींची नावं मात्र त्यांना अजून ओळीने सांगता येत नाहीत.

मी अकरावीत होते तेव्हा मुंबईच्या एका चाकरमान्यांनी फर्मान काढलं की आमच्या गणपतीचा रोज एक फोटो पाठवायचा. काम अर्थात माझ्या गळ्यात पडलं. माती तुडवू नये म्हणून बाबांनी मला पडवीच्या दुसऱ्या पायरीच्या पुढे यायला बंदी केली होती. त्यामुळे सगळे फोटो एकाच जागेवरून, एकाच उंचीवरून निघाले. श्रावणात फोनची मेमरी भरली, म्हणून मी जुने फोटो पुसायला बसले आणि अंगठा जरा जोरात फिरला.

मातीचा गोळा हलला. आधी पोट वर आलं, मग खांदे, मग एकेक हात फुटले, सोंड उजवीकडून वळून खाली उतरली. कुणी हात लावत नव्हतं. बाबांना मी फोटोतून मुद्दाम बाहेर ठेवलं होतं, त्यामुळे मूर्ती आपली आपण पाटावरून उठत होती. मी अंगठा उलटा फिरवला तर देव शहाण्यासारखा परत मातीत जाऊन बसला, आणि मला एकदम भीती वाटून मी तो पुन्हा वर आणला.

मी बाबांना दाखवलं. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "देवाक असो पळवू नको." मग हाताची माती पंचाला पुसली, घसा खाकरला आणि म्हणाले, "परत दाखव."

कुडाळचे एक गृहस्थ आमच्याकडेच पाट देतात. त्यांना मी पुढे सर म्हणायला लागले, इथेही तेच म्हणते. बरीच वर्षं मुंबईत संगणकावर कार्टून हलवायचं काम करून ते गावी परतले होते आणि कुडाळात एका हार्डवेअरच्या दुकानावर आठ संगणक मांडून बसले होते. बाहेरच्या कंपन्यांच्या मुलांच्या मालिकांमधले तुकडे तिथे तयार होत. पुढच्या वर्षी पाट द्यायला आले तेव्हा बाबांनीच, अगदी सहज केल्यासारखं दाखवत, त्यांना माझा फोन बघायला लावला. सरांनी एकवीस फोटो तीनदा फिरवले. "बारावी झाली की ये," एवढंच म्हणाले.

बारावी झाली आणि घरात तोंडं फिरली. आईचं म्हणणं बी.कॉम. कर, ओरोसला कुठल्या तरी कचेरीत चिकटशील. बाबांचं म्हणणं निराळं होतं. त्यांचा हात अजून चांगला होता, पण मूर्तीचे डोळे रंगवायचे, म्हणजे आखणी करायची, तर ती आता मी शिकावी असं त्यांच्या मनात होतं. साठ मूर्ती रंगवायला चार माणसं मिळतात, आखणी करणारा हात सगळ्यांना नसतो. त्यांनी तसं कधी बोलून दाखवलं नव्हतं. आता दाखवलं, आणि तेही मी नको म्हणायला तोंड उघडलं तेव्हाच.

शेवटी तेच म्हणाले, "ह्या बघ, माका मशिनीतला काय कळना नाय. चवथीपर्यंत जा. ठेवल्यानी तर रव. नाय तर हयसर ये, मी तुका आखणी शिकयतंय." थोडं थांबून म्हणाले, "आणि एक. त्या मशिनीतल्या कोणात खराच जीव पडलो, तर माका आणून दाखव."

सरांनीही चतुर्थीपर्यंतचीच मुदत दिली होती. जमलं तर कायम, नाही तर रामराम. म्हणजे दोन्हीकडून एकच तारीख माझ्या डोक्यावर बसली, आणि मी रोज सकाळी मालवण-कुडाळ एसटीत बसून तिच्या दिशेने जायला लागले.

पहिला आठवडा नुसता चेंडू उडवण्यात गेला. एक सेकंद हलवायचं तर चोवीस चित्रं लागतात, हे ऐकून माझे डोळेच पांढरे झाले. चेंडू खाली पडताना वेग घेतो, वर जाताना दमतो, अगदी वर क्षणभर रेंगाळतो. हे मी जन्मभर बघत आले होते आणि एकदाही बघितलं नव्हतं. माझा चेंडू दोन दिवस फुग्यासारखा तरंगला. तिसऱ्या दिवशी मी तो वर जरा जास्त वेळ थांबवला, खाली जरा चेपला, आणि तो धप्पकन जमिनीवर आला. आवाज नव्हताच, तरी मला तो ऐकू आला. मी हसत सुटले. शेजारची मुलगी म्हणाली, सगळ्यांचंच असं होतं.

मग सरांनी तांदळाचं पोतं दिलं. तोंड नाही, हात नाही, पाय नाहीत, नुसतं चार कोपऱ्यांचं पोतं, आणि ते रुसलेलं दाखवायचं. मला वाटलं चेष्टा करताहेत. पण वरचे दोन कोपरे खाली पाडले, पोटात जरा बाक दिला, पाठ फिरवली, तर पोतं खरंच रुसलं. इतकं रुसलं की मलाच त्याची समजूत काढावीशी वाटली. पोत्यात सुद्धा मन घालता येतं आणि ते आपल्या बोटांनी घालता येतं, हे मला झेपत नव्हतं.

नारळी पौर्णिमा झाली आणि सरांनी खरा तुकडा दिला. बारा सेकंदांचा. एक म्हातारा अंगणात बसून फाटलेलं जाळं दुरुस्त करतोय. कुणीतरी हाक मारतं. तो वर बघतो. बस. "यावर ठरवू," सर म्हणाले. बारा सेकंद म्हणजे दोनशे अठ्ठ्याऐंशी चित्रं. आकडा मोठा होता, तरी माझ्या मनात लाडू फुटले, कारण जाळं दुरुस्त करणारे म्हातारे मी किनाऱ्यावर रोज बघत होते.

मी जीव ओतला. पायाच्या अंगठ्यात अडकवलेलं जाळं, सुतावरून फिरणारी सुई, गाठ आवळताना पुढे येणारा खालचा ओठ, दुखरा गुडघा, सगळं केलं. डोळे शेवटी ठेवले. ते शेवटीच ठेवायचे असतात, याविषयी माझ्या मनात शंकाच नव्हती. आमच्या शाळेत मूर्ती घडते, सुकते, रंगते, दागिने चढतात, आणि अगदी शेवटी बाबा आंघोळ करून डोळे आखतात. त्याला ते डोळे उघडणं म्हणतात. डोळे उघडले की त्या मूर्तीच्या समोर बसायचं नाही, समोरून आडवं जायचं नाही, उरलेलं बारीकसारीक काम बाजूने करायचं. भाद्रपद जवळ आला की येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला बाबांचं एकच वाक्य ऐकू येतं, "बाजून ये, डोळे उघाडलेत." पोस्टमनलाही ते सोडत नाहीत.

तसेच मी म्हाताऱ्याचे डोळे सर्वांत शेवटी उघडले. मोठे, शांत, स्थिर. शनिवारी सरांनी तुकडा मोठ्या पडद्यावर लावला. म्हाताऱ्याच्या हातांवर सगळे खूश. मग त्याने मान वर केली आणि खोली गप्प झाली. मी मनात म्हटलं, जिंकले.

"मेलाय गो हा," सर म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. सरांनी पुन्हा लावलं. "हात जिवंत आहेत. वर बघतो तिथे मरतो. पापणी एकदाही लवत नाही याची, बघितलंस? आणि डोळे शेवटी केलेस ना?" मी मान डोलावली. त्यांना हसू आवरेना आणि कचेरीतली मराठी सुटून ते मालवणीत आले. "गणपती केलंस गो तू! जाळ्याकडे बसलेलो गणपती!"

सगळे हसले. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, तो तिथून डोळ्यांत उतरला. सरांनी ते बघितलं असावं. ते माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले. "हे बघ, तुझ्या बाबांचा गणपती सगळ्यांकडे बघतो. कुठेही उभे राहा, माझ्याकडेच बघतोय असं वाटतं. देवाचे डोळे तसेच हवेत. हा माणूस आहे. याने एकाच माणसाकडे बघायला हवं. कुणी हाक मारली याला?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

"तुला माहीत नाही, तर त्याला कुठून असणार? पुढच्या शनिवारी परत दाखव." पुढचा शनिवार म्हणजे चतुर्थीच्या दोन दिवस आधीचा. त्यानंतर शनिवार उरतच नव्हता.

एसटीत मी खिडकीकडे तोंड करून रडले. मला लाज वाटली ती चुकल्याची नव्हे. जे बाबांचं सगळ्यांत मोठं कसब, तेच मी तिथे नेलं आणि तेच तिथे मेलं, हे मला सहन होत नव्हतं. बाबांना काय सांगायचं, की तुमची रीत तिथे चालत नाही? त्यापेक्षा परत यावं आणि मुकाट आखणी शिकावी, असंही एकदा मनात येऊन गेलं.

रविवारी सकाळी बाबांनी आखणी काढली होती. मी बाजूला काळ्या रंगाची वाटी धरून बसले. हे काम लहानपणापासून माझंच. बाबा आखताना श्वास धरतात, हे मला ठाऊक होतं. त्या दिवशी मी मूर्तीकडे न बघता पहिल्यांदा त्यांच्याकडे बघत राहिले. वरच्या पापणीची लांब रेघ ओढेपर्यंत त्यांची स्वतःची पापणी लवली नाही. रेघ संपली, कुंचला उचलला, आणि पापणी लवली. बुबुळाचा गोल पुरा झाला, पापणी लवली. एक काम मनातून सुटलं की एकदा. मी वाटी घट्ट धरून बसले होते.

त्यांनी दुसऱ्या डोळ्यात पांढरा ठिपका ठेवला, आणि तेवढ्यात आतून आईने हाक मारली, "अवो, च्या थंड होता!"

बाबांचे डोळे आधी गेले. नुसते डोळे. हात, मान, खांदे अजून मूर्तीपाशीच होते आणि नजर मात्र दारात पोचली होती. मग पापणी एकदा संथपणे मिटली आणि उघडली. त्यानंतर मान वळली, मग खांदा, आणि सगळ्यात शेवटी हातातला कुंचला खाली आला.

"बाबा, परत!" मी किंचाळलेच. "आता बघितल्यात, तसा परत बघा!"

बाबा दचकले. "खंय बघितलंय?"

"दाराकडे! आईकडे!"

त्यांनी बिचाऱ्यांनी बघितलं. कवायतीतल्या शिपायासारखी मान आणि डोळे एकदम वळले. मी म्हटलं, असं नाही. त्यांनी पुन्हा केलं, आणखी वाईट. तिसऱ्यांदा ते वैतागले. "चायची हाक एकदाच येता गो," म्हणाले, मूर्तीसमोरून उठून बाजूला सरकले आणि तिच्या तोंडावर पांढरं फडकं टाकलं. मी वाटी तशीच हातात धरून बसले होते. रोज सकाळ-संध्याकाळ आई हाक मारते आणि रोज बाबांच्या तोंडावर हे सगळं घडतं. अठरा वर्षं ते माझ्यासमोर घडत होतं.

सोमवारी एसटीत चढले आणि मला वेड लागायची पाळी आली. सगळी गाडी पापण्या लववत होती. मासळीची टोपली सांभाळणारी बाई बोलता बोलता आठवायला थांबली की लववत होती. परीक्षेला निघालेला मुलगा पान उलटताना लववत होता. प्रत्येकाचे डोळे आधी कुठे तरी जात होते आणि माणूस मागून पोचत होता. वाटेतल्या कट्टा गावच्या बाजारात तर मला बघायला डोळे पुरेनात. हे सगळीकडे, सगळ्यांना, कुणी न शिकवता येतं, आणि मला कुणी सांगितलं नव्हतं! मी कंडक्टरकडे इतका वेळ बघत राहिले की तो म्हणाला, "काय गो, काय बघतंस? तिकीट काढलंस मां?"

कुडाळला पोचल्यावर मी वर बघण्याचा सगळा भाग पुसला आणि आधी डोळे घेतले. रीत मोडतेय असं वाटून मी मनातल्या मनात गणपतीची माफीही मागितली. पापणी मिटवायची वेळ आली तेव्हा तर मी थोडा वेळ नुसतीच बसून राहिले. आमच्या शाळेत मिटलेला डोळा कधी कुणी केलेला नाही. मग मी ठरवलं की हाक चहाची आहे आणि ती हाक कुणाची आहे तेही मला माहीत आहे. त्यानंतर मात्र काम सोपं झालं असं नाही, पण कुठे जायचं ते कळलं. नजर आधी. मग अर्ध्या सेकंदाची पापणी. मग मान. सुई सगळ्यात शेवटी खाली.

शनिवारी सरांनी तुकडा लावला. म्हाताऱ्याने गाठ आवळली, ओठ पुढे आला. त्याची नजर उचलली गेली, आमच्या सगळ्यांच्या उजवीकडून मागे दाराकडे गेली, पापणी लवली, मान वळली.

आणि सरांनी मागे वळून दाराकडे बघितलं.

दारात कुणी नव्हतं. त्यांच्याही ते लक्षात आलं, ते स्वतःशीच हसले आणि डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, "फसवलंस की." मग तुकडा आणखी दोनदा लावला. "चतुर्थीचे पाच दिवस घरी राहा. सहाव्या दिवशी नवीन तुकडा देतो. आता मुदत वगैरे काही नाही." माझं सगळं लक्ष सरांची पापणी कधी लवते याकडे होतं.

तुकडा फोनवर घेऊन मी घरी आले. पडवीत चालायला जागा नव्हती. फडकी घातलेले गणपती ओळीने बसलेले, आणि बाबा शेवटच्या मूर्तीच्या मुकुटाला सोनेरी लावत होते. मी म्हटलं, "बाबा, ठेवल्यानी माका." ते "बरा झाला" म्हणाले, पण हात थांबला नाही. आवाज नेहमीचाच होता. आखणी आता कोण शिकणार, हा विचार त्यांच्या मनात आला असेलच. माझ्याही आला.

"तुमी सांगितलेल्यात," मी म्हटलं. "जीव पडलो तर आणून दाखव."

त्यांनी कुंचला पाण्यात बुडवून ठेवला, हात पुसले. मी फोन रंगाच्या डब्याला टेकवून उभा केला. ते आपल्या बसक्या पाटावर फोनच्या अगदी समोर, मांडी घालून बसले. आखणीला बसतात तसेच. मी तुकडा लावला.

म्हातारा जाळं विणत होता. बाबा त्याच्या हातांकडे बघत होते, कसबी माणूस दुसऱ्याच्या हातांकडे बघतो तसं. मग म्हाताऱ्याची नजर वर आली. पापणी लवली. मान वळली. आणि तुकडा तिथेच थांबला, म्हातारा दाराकडे बघत राहिला.

बाबांनी ती आपलीच नजर आहे हे ओळखलं की नाही, मला आजही माहीत नाही. मी विचारणार होते. पण त्याआधी ते हातावर भार देऊन उठले, पाट उचलला, फोनच्या समोरून सरकले आणि बाजूला जाऊन बसले.

तेवढ्यात आई कपबशी घेऊन आतून आली. म्हातारा बघत होता त्याच बाजूने, सरळ फोनच्या समोरून निघाली होती. बाबांनी हात वर करून तिला थांबवलं.

"बाजून ये," ते हळूच म्हणाले. "डोळे उघाडलेत."